ऑपरेशनआधी मुलाला पाणीसुद्धा नाही?

लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सकाळी साडेआठच्या सुमाराचे दृश्य बहुतेक ठिकाणी सारखेच असते. हर्नियाची, खाली न उतरलेल्या अंडकोषाची, दुभंगलेल्या ओठाची मुले सैलसर हिरवे गाऊन घालून रांगेने बसलेली असतात. काहींच्या हाताला सलाईनची सुई आणि त्यावर चिकटपट्टी. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, पाणी. कुणाची आई मुलाला कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारते, कुणाचा बाप मोबाइलवर कार्टून लावून देतो. पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी कपड्यांखाली दडवलेली असते, कारण ती दिसली की रडणे वाढते. पलीकडच्या खाटेवर काल ऑपरेशन झालेला मुलगा चहात बिस्किट बुडवून खात असतो आणि त्याच्याकडे बघून आणखी तिघे भोकाड पसरतात.

केसपेपरवर लिहिलेले असते, ‘रात्री १२ नंतर एनबीएम’. एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीही द्यायचे नाही. सूचना सुटसुटीत आहे, सिस्टरला सांगायला सोपी, नातेवाइकांना समजायला सोपी. पण पाच वर्षांचे मूल रात्री १२ वाजता उठून जेवत नाही. त्याचे जेवण आठला झालेले असते, पाण्याचा शेवटचा घोट झोपण्याआधी साडेनऊला. यादीत त्याचा सहावा नंबर असेल आणि आधीची एखादी शस्त्रक्रिया लांबली, तर त्याला आत घ्यायला दुपारचा दीड वाजतो. म्हणजे अन्नाविना साडेसतरा तास, पाण्याविना सोळा तास. एवढा वेळ मोठ्या माणसानेही निर्जळी उपास केला, तर घरचे त्याला घेरी येईल म्हणून काळजी करतात.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. या सूचनेमागे भीती आहे आणि भीतीची मुळे खरी आहेत. जागेपणी एखादा घास चुकीच्या वाटेने गेला तर ठसका लागतो आणि खोकून तो बाहेर टाकला जातो. भूल दिल्यावर ही राखण करणारी यंत्रणाच झोपते. पोटात काही शिल्लक असेल, ते उलटून घशाशी आले, तर ते निमूटपणे श्वासनलिकेत उतरू शकते. अन्नाचा कण असेल तर वाट बंद होते, आम्ल असेल तर फुप्फुस आतून भाजते. लहान मुलाची श्वासनलिका मुळातच बारीक आणि बाळाची ऑक्सिजनची गरज वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे श्वास अडला तर हाताशी वेळ फार थोडा उरतो. भूलतज्ज्ञ पोट रिकामे असण्याबद्दल इतका हट्टी का असतो, याचे उत्तर एवढेच आहे.

ही धास्ती भूलशास्त्राच्या जन्मापासूनची. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन या गावी हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत दगावली. क्लोरोफॉर्मखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. ती शुद्धीवर यावी म्हणून तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली गेली होती. त्यानेच ती गुदमरली, असे क्लोरोफॉर्मचा पुरस्कर्ता जेम्स सिम्प्सन म्हणत राहिला. क्लोरोफॉर्मने हृदय थांबले, असे जॉन स्नो म्हणत राहिला. पुढे १८८३ मध्ये जोसेफ लिस्टर याने मात्र फार समंजस गोष्ट लिहून ठेवली. क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचे पातळ सूप दिलेले रुग्णाला चांगले. म्हणजे अन्न वेगळे आणि पातळ पेय वेगळे, हा भेद जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी माहीत होता.

तो पुसला कसा गेला? १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहातील डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतपणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ६६ बायकांच्या बाबतीत भूल असताना पोटातले श्वासमार्गात गेले होते. त्यांपैकी दोघी दगावल्या, दोघीही घन अन्नाने गुदमरून. प्रसूतिकळा सुरू असलेल्या बाईचे पोट संथ चालते आणि तेव्हाची भूल बहुधा तोंडावर मुखवटा धरून, श्वासनलिकेत नळी न घालता दिली जायची. त्या परिस्थितीतून निघालेला धडा हळूहळू सगळ्या रुग्णांना लागू झाला, सगळ्या वयांना लागू झाला आणि अन्नाबरोबर पाण्यालाही लागू झाला. ‘रात्री १२ नंतर काहीही नाही’ हा वैद्यकातला एक प्रकारचा सोवळेपणाच म्हणायचा. मूळ कारण मागे पडले, पथ्य तेवढे राहिले.

पोटाचा व्यवहार इतका सरधोपट नाही. पाणी तिथे फार वेळ मुक्काम करत नाही. निरोगी मुलाने प्यायलेल्या पाण्याचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच पुढे आतड्यात सरकतो आणि तासाभराने पोट जवळपास रिकामे होते. दूध मात्र दिसायला पातळ असले तरी पोटात फाटून त्याच्या गुठळ्या होतात, म्हणजे ते घन अन्नासारखे वागते. आईचे दूध गाईम्हशीच्या दुधापेक्षा लवकर पचते. पोळी, भात, बिस्किट यांना वेळ लागतो, तळलेल्याला त्याहून जास्त. १९९९ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने याच समजावर आधारित वेळापत्रक दिले. पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, वरचे दूध आणि हलके खाणे सहा तास, तेलातुपाचे आठ तास. या गोष्टीला पाव शतक उलटले. त्यानंतर शास्त्र आणखी सैल झाले. २०१८ मध्ये ब्रिटन-आयर्लंड, फ्रान्स आणि युरोपातील बाल-भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन निरोगी मुलांना पाणी भुलेच्या एक तास आधीपर्यंत द्यावे, नव्हे तसा आग्रह धरावा, असे जाहीर केले. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी आईच्या दुधासाठीची वेळही तीन तासांवर आणली. स्वीडनमधील उप्साला येथील रुग्णालयात तर मुलांना ओटीतून बोलावणे येईपर्यंत पाणी पिऊ देत असत. तिथल्या १०,०१५ मुलांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पोटातले फुप्फुसात जाण्याचे प्रकार तीन. आपल्याकडेही भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये मोठी माणसे, गर्भवती आणि मुले यांच्या उपासाविषयी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. तेव्हा माहिती नाही, हे कारण आता कुणाला देता येणार नाही.

तहानेने मुलाचे नुकसान काय होते, याचा हिशेब करून बघावा. दहा किलोच्या मुलाला ताशी साधारण ४० मिलिलिटर पाणी लागते. हे सूत्र बालरोगतज्ज्ञ रोज वापरतात. बारा तासांचे ४८० मिलिलिटर झाले, म्हणजे वजनाच्या जवळपास पाच टक्के. पन्नास किलोच्या माणसाचे तेच गणित दोन टक्क्यांच्या आसपास येते. शरीर काटकसर करते, लघवी कमी करते, त्यामुळे प्रत्यक्षातली तूट एवढी नसते. पण मोठ्याचा उपास आणि लहानाचा उपास यांत किती अंतर आहे, ते यावरून कळते. सुकलेल्या मुलाची शीर सापडत नाही, तीन-तीनदा सुई टोचावी लागते. भुलेचे औषध गेल्यावर रक्तदाब जास्त घसरतो. तान्ह्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो. मेळघाट किंवा नंदुरबारकडून आलेले, मुळातच वजन कमी असलेले बाळ असेल, तर त्याच्याकडे शिल्लक काय असणार? शाळा-अंगणवाड्यांतल्या तपासणीतून जन्मजात दोष सापडलेली मुले शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी पालघरहून. या मुलांतली कित्येक आदल्या दिवशी एसटीने, वाटेत धड न जेवता पोहोचलेली असतात. त्यांचा उपास रात्री १२ ला नाही, गाव सोडतानाच सुरू झालेला असतो.

मग सलाईन लावा, असे कुणी म्हणेल. सलाईनने रक्तवाहिन्या भरतात, कोरडा घसा ओला होत नाही. आणि ते लावायलासुद्धा शीर मिळावी लागते.

तरीही वॉर्डातली सूचना बदलत नाही. तिचे खरे कारण वैद्यकीय नसून कारभाराचे आहे. ओटीची यादी लवचीक असते. दुसऱ्या नंबरच्या मुलाला ताप आला की चौथ्याला पुढे घेतले जाते. मध्येच एखादी तातडीची केस येते आणि सगळेच मागे सरकते. सर्व मुले पहाटेपासून उपाशी असली म्हणजे कुणालाही कधीही उचलता येते. सर्जनची सोय, भूलतज्ज्ञाची सोय, चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असलेल्या वॉर्डाची तर मोठीच सोय. ही ओढाताण खोटी नाही. सरकारी रुग्णालयात एक ओटी बंद राहिली तर तिची किंमत पुढच्या महिन्याची तारीख मिळालेले मूल मोजते. पण यादी लवचीक राहावी म्हणून आठ मुलांना तहानलेले ठेवायचे, हा सौदा न्याय्य नाही. आणि मुख्य म्हणजे तो सुरक्षितही नाही.

कारण उपास जितका लांबतो, तितकी चोरून खाण्याची शक्यता वाढते. साडेअकरा वाजलेले, नातू रडून रडून निळा पडलेला, आई कागदांसाठी खाली गेलेली. अशा वेळी आजी पदराआडून अर्धे बिस्किट देते. तिच्या लेखी ती नातवाचा जीव वाचवते आहे. पुढे ओटीच्या दारात भूलतज्ज्ञ विचारतो, “काही खाल्लं नाही ना?” हा प्रश्नच असा आहे की त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. खरे सांगितले तर ओरडा बसेल, ऑपरेशन रद्द होईल, पुन्हा तारीख, पुन्हा रजा, पुन्हा गाडीभाडे. म्हणून आजी गप्प बसते, आई मान हलवते. आता त्या मुलाच्या पोटात नेमके तेच आहे ज्याची खरी भीती होती, घन अन्न, आणि भूल देणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. पाण्यावरची अनावश्यक बंदी ही अशी अन्नावरच्या आवश्यक बंदीला सुरुंग लावते. नऊ वाजता आणि अकरा वाजता अर्धा पेला पाणी मिळालेल्या मुलाची आजी सहसा बिस्किटापर्यंत जात नाही.

सर्दी-खोकल्याचेही तसेच आहे. युरोपातील ३३ देशांच्या २६१ रुग्णालयांत मुलांच्या ३१,००० हून अधिक भुलींचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर प्रसंगांचे प्रमाण ५.२ टक्के होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त श्वासाचे होते, म्हणजे स्वरयंत्र आवळून बसणे, छाती भरून घरघर लागणे. मूल जितके लहान तितका धोका जास्त आणि भूल देणारा जितका अनुभवी तितका तो कमी, असेही त्यात दिसले. गेल्या पंधरवड्यातली सर्दी अशा मुलाला तासापूर्वी प्यायलेल्या पाण्याच्या घोटापेक्षा जास्त महागात पडू शकते. पण तारीख जाईल म्हणून पालक तीही दडवतात. ऑपरेशन पुढे ढकलले म्हणून पालकांवर डाफरणाऱ्या यंत्रणेला त्यांच्याकडून खरी माहिती कधीच मिळणार नाही.

यावरचा उपाय फार साधा आहे आणि त्याला नवे यंत्र लागत नाही. केसपेपरवर ‘एनबीएम’ हे अक्षर न लिहिता दोन वेळा लिहाव्यात. शेवटचे अन्न किती वाजता, शेवटचे पाणी किती वाजता. सकाळी आठला यादीचा क्रम ठरला की ओटीतून वॉर्डात एक फोन जावा आणि सहाव्या मुलाला अकरापर्यंत पाणी द्या म्हणून सांगितले जावे. यादी घसरली तर पुन्हा फोन. एखाद्या मुलाला आयत्या वेळी पुढे घ्यावे लागले आणि त्याने नुकतेच पाणी प्यायले असेल, तर फार तर तास-दोन तास थांबावे लागेल. तेवढ्यात दुसरे मूल घेता येते. तान्ह्या बाळांना आणि मधुमेह असलेल्या मुलांना सकाळी पहिल्यांदा घ्यावे, हा शिरस्ता बऱ्याच ठिकाणी आहेच, तो गर्दीच्या दिवशीही मोडू नये. आणि ओटीच्या दारातला प्रश्न बदलावा. “काही खाल्लं नाही ना?” असे न विचारता “शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता?” असे विचारावे. उत्तर काहीही आले तरी आवाज चढू नये.

अडाणी आईबापांचा गोंधळ होईल, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी ओपीडीत जरा बसून बघावे. फिट येणाऱ्या मुलाला रोज ठरल्या वेळी, बाटलीच्या टोपणातल्या रेघेपर्यंत मोजून औषध पाजणाऱ्या बाया याच असतात. एक वेळ आणि एक पेला त्यांना समजत नाही, असे नाही. त्यांना कुणी बसून सांगितलेले नसते, एवढेच.

सांगताना मात्र ‘पाणी’ म्हणजे काय, हे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगावे लागेल. साधे पाणी, साखरपाणी, ग्लुकोजचे पाणी, गाळलेले बिनगराचे सरबत, दूध न घातलेला चहा, हे चालते. पेल्यापलीकडे धरलेली वर्तमानपत्रातली अक्षरे वाचता आली पाहिजेत, ही सोपी परीक्षा. ताक, दुधाचा चहा, भाताची पेज, वरणाचे पाणी, नाचणीची आंबील, आंब्याचा रस हे पातळ दिसले तरी अन्नच. ‘फक्त घोटभर चहा दिला’ असे म्हणणाऱ्या घरांत तो चहा निम्मा दुधाचा असतो आणि बरोबर एक खारीही असते. प्रमाणही महत्त्वाचे. किलोमागे तीन मिलिलिटर, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला एका वेळी पाऊण वाटीच्याही आत. तांब्याभर नाही.

सगळ्याच मुलांना हा नियम लागू नाही आणि तो पालकांनी घरच्या घरी लागू करू नये. आतड्याला पीळ पडलेले किंवा अडथळा असलेले मूल, अन्न सतत वर येणारे मूल, मूत्रपिंड निकामी झालेले मूल यांचे पोट आणि पाण्याचा हिशेब वेगळा असतो. झाडावरून पडून हात मोडलेल्या मुलाचे तर आणखी वेगळे. वेदना आणि भीती यांनी पोटाचे काम थबकते. अशा मुलाने पडण्याआधी तासभर जेवण केले असेल, तर सहा तासांनंतरही ते जेवण पोटात असू शकते. तिथे भूलतज्ज्ञ पोट भरलेले आहे असे धरूनच भूल देतो. शेवटची वेळ त्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायची. पण ती ठरवण्यासाठी त्याने आदल्या संध्याकाळी खाटेपाशी यायला हवे, निदान यादी हातात घेऊन फोन तरी करायला हवा. ही जबाबदारी सिस्टरवर किंवा नव्या निवासी डॉक्टरवर ढकलली की कागदावर पुन्हा ‘रात्री १२’ येते, कारण त्यांना चूक करायची नसते.

शस्त्रक्रिया झाल्यावरचा उपासही असाच सवयीने लांबवलेला. हर्निया, अंडकोष, सुंता अशा छोट्या शस्त्रक्रियांनंतर मूल नीट जागे झाले, पाणी मागू लागले की ते द्यायला बहुधा हरकत नसते, आतड्याला हात लागलेला नसला म्हणजे झाले. चार तास थांबा, सहा तास थांबा, असे सांगण्याला त्या मुलांपुरता आधार उरलेला नाही. तान्ह्याला तर आईने छातीशी घेतले की त्याचे रडणेही थांबते आणि दुखणेही थोडे विसरते. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी कागदावर ‘जागे झाल्यावर, मागितल्यावर’ एवढे तीन शब्द लिहिले, तर दीडला आत गेलेल्या त्या सहाव्या नंबरच्या मुलाला पाण्यासाठी रात्रीची वाट पाहावी लागणार नाही.